जस्ताला आवडलेला चहा

"गुरुवारी विद्यापीठाच्या समितीच्या डोळ्यांदेखत कण पाडून दाखवते! नाही पडले तर माझा कोपरा रिकामा, आणि तुमचं ते झेरॉक्स मशीन मी स्वतः उचलून तिथे आणून ठेवते!"

कणाबाईंनी ही गर्जना भर मधल्या सुट्टीत, स्टाफरूमच्या मधोमध उभं राहून केली. कपात ढवळणारे चमचे जागच्या जागी थांबले. झेरॉक्स मशीन उचलायला चार धडधाकट माणसं लागतात आणि कणाबाईंना भाजीची पिशवी घेऊन जिना चढतानाही दोनदा टेकावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तोंडातून शब्द गेला तो गेला! विभागाच्या हेडसरांनी तो अलगद झेलला.

"ठरलं तर मग," ते म्हणाले. "गुरुवार."

कणाबाईंचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. मुलं हाताशी आल्यावर त्यांनी राहिलेलं संशोधन पुन्हा हाती घेतलं, आणि तेव्हापासून बाई उठता-बसता एकच बोलत: कण! जस्ताच्या ऑक्साइडचे कण. साधेसुधे नाहीत, नॅनो. केसाच्या जाडीत हजारभर शेजारी शेजारी बसतील आणि तरी कोणाचा कोणाला धक्का लागणार नाही, इतके बारीक. जखमेच्या पट्टीत घातले तर जंतू मरतात, रंगात घातले तर भिंतीला बुरशी धरत नाही. जग हे कण जहाल रसायनं वापरून करतं. कणाबाईंची पद्धत हिरवी होती. त्या वापरायच्या चहाचा चोथा! लोक जो मोरीत फेकतात, तोच चोथा उकळायचा, गाळायचा, तो अर्क जस्ताच्या क्षारात ओतायचा आणि जे खाली बसेल ते भट्टीत भाजायचं. ना विषारी धूर, ना घातक सांडपाणी.

पद्धत सुंदर होती. कण मात्र अजून हवे तसे येत नव्हते. कधी ढेकळं, कधी गुठळ्या, कधी नुसताच गाळ. आणि प्रयोगशाळेतल्या त्यांच्या कोपऱ्यावर झेरॉक्स मशीन ठेवायला हेडसरांचा डोळा होता.

घरी मात्र कणाबाईंचा जयजयकार होता, आणि तो करणाऱ्या होत्या खुद्द सासूबाई. सून काय करते ते त्यांना कळत नसे, पण त्याचा अभिमान त्यांना इतका होता, की इमारतीचा जिना त्यांच्याच आवाजानं जागा व्हायचा. हातात झाकणाचा डबा घेऊन त्या रोज दारोदार फिरत.

"चोथा द्या हो! टाकू नका! आमची सून त्यातून विज्ञान काढते!"

इमारतीनं यातला फक्त चोथा ऐकला. विज्ञान कोणाच्या कानात शिरलंच नाही. आठवड्याभरात बातमी पसरली, की यांच्याकडे दुसऱ्यांचा वापरलेला चहा पुन्हा उकळून पितात! शेजारच्या काकू एका दुपारी पदराआडून चहा पावडरचा नवा कोरा पुडा घेऊन आल्या. "ठेवा. लाजायचं नाही. दिवस काय सारखे राहतात का?" म्हणाल्या आणि डोळे पुसत गेल्या. कणाबाईंच्या नवरोबांना ऑफिसात एकानं बाजूला घेऊन हात दाबला आणि "काही लागलं तर नुसता आवाज दे," एवढंच म्हटलं. नवरोबांना काही कळेना. त्यांनी आपलं सवयीनं "हो, देतो" म्हटलं आणि प्रकरण पक्कं करून टाकलं.

"आई, पण तुम्ही एवढं सांगत फिरता," कणाबाई एकदा म्हणाल्या, "कोणी विचारलं कण कसे दिसतात, तर काय सांगाल?"

"दिसत नाहीत असं सांगते."

"मग लोक विचारतील, दिसत नाहीत तर झालेत कशावरून?"

"ते मीही तुला विचारणारच होते."

"सूक्ष्मदर्शकाच्या मशीनखाली दिसतात, आई."

"मशीनखाली माझ्या गुडघ्यात डॉक्टरला काही दिसलं नव्हतं. दुखायचा थांबला का?" सासूबाई म्हणाल्या. "पण तू म्हणतेस ना झालेत? मग झालेत!"

गुरुवार उजाडला. प्रयोगशाळेतल्या शेगडीचा भरवसा नव्हता, म्हणून कणाबाईंनी अर्क घरीच उकळला, तीनदा गाळला आणि गरम राहावा म्हणून स्टीलच्या थर्मासमध्ये भरला. तेवढ्यात सासूबाईंनी जाहीर केलं, की परीक्षकांसाठी चहा घरून जाणार.

"कॉलेजात कॅन्टीन आहे, आई."

"असू दे. माझ्या सुनेची परीक्षा, आणि पाहुण्यांना कॅन्टीनचं गढूळ पाणी? शक्य नाही!"

चहाही थर्मासमध्ये भरला गेला. आता पंचाईत अशी, की दोन्ही थर्मास जुळे भाऊ. सेलमध्ये एकावर एक मिळालेले! गोंधळ नको म्हणून कणाबाईंनी अर्काच्या थर्मासच्या गळ्यात लाल रिबीन बांधली. रिबीन म्हणजे अर्क, बिनरिबिनीचा तो चहा. सरळ हिशेब. तो मनात पक्का करून त्या निर्धास्तपणे अंघोळीला गेल्या.

सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि पाहतात तर काय! पाहुण्यांसमोर जायचा थर्मास बोडका, आणि चोथ्याच्या पाण्याला नवरीसारखा साज! "पोरीला अभ्यासापुढे काही सुचत नाही," असं पुटपुटत त्यांनी रिबीन सोडली, चहाच्या थर्मासला बांधली, आणि वर तिचं छान फूलही केलं.

अकरा वाजता समिती आली. थोरले परीक्षक म्हणजे टक्कल, जाड भिंगं आणि कपाळावर कायमच्या आठ्या. सोबत परीक्षकबाई. त्या बोलत कमी आणि बघत जास्त. हेडसर यजमान या नात्यानं पुढे झाले. त्यांनी बिनरिबिनीचा थर्मास उघडून तीन कप भरले आणि त्यातला एक स्वतः घेतला. कणाबाई फळ्यासमोर उभ्या राहून बोलत होत्या. भाषण त्यांनी आरशासमोर इतक्यांदा म्हटलं होतं, की आरशालाही पाठ झालं असेल.

"…आणि निसर्ग स्वतःच हे काम करतो," त्या म्हणाल्या, आणि जादूगारानं टोपी फिरवावी तसा रिबीनवाला थर्मास उचलून, नजर परीक्षकांवर ठेवूनच, जस्ताचा क्षार भरलेल्या चंचुपात्रात उपडा केला. "पाहा!"

सगळ्यांनी पाहिलं. कणाबाईंनीही पाहिलं.

चंचुपात्रात पांढरट-तांबूस गुठळ्या धडाधड वर येत होत्या. दूध नासावं तशा. म्हणजे तशा कसल्या? दूधच नासलं होतं! खाली ढवळणारा चुंबक गरागरा फिरत होता, वर गुठळ्या फुगडी घालत होत्या, आणि सगळीकडे गोड चहाचा घमघमाट सुटला होता. कणाबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. ती नुसती सरकली नाही, सरळ झेरॉक्स मशीनच्या दिशेनं निघाली!

इकडे हेडसरांनी पहिला घोट घेतला. चोथ्याचा तीनदा गाळलेला अर्क म्हणजे काय, ते त्यांच्या जिभेला त्या क्षणी समजलं. डोळे विस्फारले, कान लाल झाले, गाल आत ओढले गेले. कप खाली ठेवणार एवढ्यात थोरले परीक्षक खुर्चीत सरसावून बसले.

"वा!" ते म्हणाले. कपाळावरच्या दोन आठ्या चक्क मिटल्या. "याला म्हणतात चहा! दूध नाही, साखर नाही, कसलं थोतांड नाही. डॉक्टरनं साखर बंद केल्यापासून मी जाईन तिथे लोक मला पाक पाजतात. काय हो, हेडसर?"

"अ… अप्रतिम," हेडसर म्हणाले.

"घ्या की मग! आणखी घ्या!" असं म्हणून परीक्षकांनी त्यांचा कप काठोकाठ भरला.

"सर, मला एक सांगायचंय," कणाबाई कशाबशा म्हणाल्या. "तो चहा…"

"चहाबद्दल बोलायलाच नको!"

"नाही, म्हणजे हा अर्क…"

"इतक्या लवकर खाली बसला?" परीक्षकबाईंनी चंचुपात्रात डोकं घातलं. "मी आजवर इतका झटपट पाहिला नव्हता. वास मात्र विचित्र आहे. ओळखीचा, पण विचित्र."

"तेच सांगते आहे, मॅडम…"

"आत्ता काही सांगू नका. हेच भट्टीत घाला. भुकटी आमच्याकडे पाठवा, मशीनखाली काय दिसतं ते बघू. तोवर मत नाही."

आणि दुसरं कॉलेज गाठायचं म्हणून समिती उठलीसुद्धा! थोरले परीक्षक जाताना थर्मासमधला उरलेला अर्क हेडसरांच्या कपात स्वतःच्या हातानं ओतून गेले.

सांगितल्याप्रमाणे कणाबाईंनी तो काला भट्टीत ढकलला. सांगितलेलं करायचं, दुसरं सुचतच नव्हतं. थोड्या वेळानं भट्टीतून करपलेल्या दुधाचा आणि जळक्या साखरेचा असा काही वास निघाला, की मजल्यामागून मजला रिकामा झाला. कोणी म्हणालं आग लागली. कोणी म्हणालं लग्न लागलं. कॅन्टीनवाला हातातला झारा घेऊन वर आला. "मॅडम, आमच्या पोटावर पाय का आणता? खाण्याचा ठेका माझा आहे!"

हेडसर मात्र दिवसभर फक्त पाणी पीत होते.

संध्याकाळी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "कसं झालं गं? चहा आवडला का?"

"आवडला ना," कणाबाई म्हणाल्या. "फार आवडला. जस्ताला!"

सगळा प्रकार ऐकल्यावर सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. त्या गप्प बसल्या, तेव्हाच कणाबाईंचा राग निम्मा उतरला, कारण सासूबाई गप्प बसलेल्या त्यांनी आजवर पाहिल्याच नव्हत्या.

"मी उद्या येते आणि त्या परीक्षकांना सांगते, चूक माझी आहे म्हणून," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "तुझा कोपरा गेला तर मी लोकांना काय सांगू? अगं, आमच्या घरात आजवर जे जे झालं ते सगळं मला कळायचं. तू करतेस ते मला कळत नाही. माझ्या घरात मला न कळणारं एवढं मोठं काहीतरी चाललंय, याचाच मला केवढा अभिमान होता!"

कणाबाईंनी आत जाऊन दोघींसाठी पाणी आणलं आणि दोघी ते एखादं औषध प्यावं तशा गुमान प्यायल्या.

भुकटी समितीकडे पाठवून दिली, आणि चार रात्री विचार करून कणाबाईंनी एका सकाळी परीक्षकबाईंना फोन केला. खोट्यावर उभं राहिलेलं यश त्यांना नको होतं, आणि तसंही ते यश नव्हतंच.

"मॅडम, त्या दिवशी मी ओतला तो अर्क नव्हता. चहा होता. दूध-साखर घातलेला. आणि तुम्ही सगळे प्यायलात तो…"

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"तुमची भुकटी कालच मशीनखाली घातली," परीक्षकबाई म्हणाल्या. "मीच तुम्हाला फोन करणार होते. एकसारखे कण! गोल, सुटे, मोहरी पसरून ठेवावी तसे. तुमच्या आधीच्या सगळ्या नमुन्यांपेक्षा किती तरी लहान. हे चहानं झालं म्हणता?"

"हो… म्हणजे, आमच्या सासूबाईंच्या."

"मग पुन्हा करून दाखवा. एकदा झाला तो योगायोग. पुन्हा झालं तर विज्ञान."

कणाबाई फोन ठेवून स्वयंपाकघरातच गोल फिरल्या. सासूबाईंना उचलायचाही विचार होता, पण भाजीच्या पिशवीची आठवण झाली.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. कणाबाईंनी स्वतः चहा करून पाहिला. ढेकळं! कॅन्टीनवाल्याचा आणून पाहिला. गाळ! शेवटी सासूबाईंना प्रयोगशाळेत आणावं लागलं. पांढरा अंगरखा, डोळ्यांवर मोठा चष्मा, हातात मोजे, आणि चेहऱ्यावर साऱ्या विज्ञानाची मदार आपल्यावरच असल्याचं तेज! जिना चढतानाच त्यांनी शिपायाला, ग्रंथपालाला आणि एका पूर्ण वर्गाला सांगून टाकलं होतं, की सुनेचं अडलंय म्हणून आलेय.

"प्रयोगशाळेत खाद्यपदार्थ आणायला मनाई आहे," हेडसर दारातून म्हणाले. चहा हा शब्द आताशा ते टाळत असत.

"हा खाद्यपदार्थ नाही, सर," कणाबाई म्हणाल्या. "अभिक्रियेचा घटक आहे."

नव्या भांड्यात पाणी चढलं.

"आई, साखर किती घालता?"

"पुरेशी."

"ग्रॅममध्ये सांगा ना."

"ग्रॅममध्येही पुरेशीच!"

"आणि उकळायचं किती?"

"झाला असं वाटेपर्यंत."

कणाबाई चमचा मोजायला लागल्या, की सासूबाईंचा हात अवघडे. "अशी टक लावून बघत बसलीस तर परक्याच्या घरात आल्यासारखं वाटतं गं मला!" म्हणून कणाबाईंनी युक्ती केली. साखरेचा, दुधाचा आणि पावडरीचा डबा वजनकाट्यांवरच ठेवला. सासूबाई हव्या तशा गप्पा मारोत, हवं तसं घालोत. डब्यातून कमी झालं ते काटा सांगणारच. रोज चहा झाला, रोज जस्तात ओतला, रोज भट्टीत भाजला. आकडे रोज जवळपास तेच. आणि कण? रोज ढेकळं! चहा तोच, हात तोच, जस्त तेच. कणाबाईंचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला, आणि हेडसरांनी झेरॉक्स मशीनसाठी कोपऱ्याची लांबी-रुंदी मोजून घेतली.

मग समिती पुन्हा आली. थोरले परीक्षक दारातूनच विचारते झाले, "तो चहा आहे का?" आणि हेडसर अचानक काहीतरी महत्त्वाचं काम आठवून निघून गेले.

कणाबाईंनी आशा सोडली होती. सासूबाईंनी मात्र परीक्षकांकडे एकवार पाहिलं, अंगरखा सारखा केला, चष्मा पुसला, आणि चहाला लागल्या. तोंड चालूच होतं. परीक्षकबाईंचं माहेर कुठलं, थोरल्यांची साखर कितीवर असते, सगळी विचारपूस झाली. कणाबाईंची नजर सहज काट्यावर गेली आणि तिथेच खिळली. दूध तेवढंच. पावडर तेवढीच. आणि साखर? दुप्पट! बरोबर दुप्पट!

त्यांनी आकडा वहीत टिपून घेतला. चहा जस्तात पडला, गुठळ्या आल्या, भट्टी पेटली, वास सुटला. या वेळी मजले रिकामे झाले नाहीत. सवय झाली होती.

निकालाचा फोन आला तेव्हा सगळे घरीच होते. एकसारखे, गोल, सुटे. पुन्हा तसेच! आपल्याच आकड्यांवरून कणाबाईंना आता कारणही उमगलं होतं. भरपूर साखर जळताना वायू सुटतो, तो कणांना एकमेकांपासून दूर उडवतो, गुठळी होऊच देत नाही. साखर कमी पडली की कण गळ्यात गळे घालून बसतात. कोपरा राहिला, काम मान्य झालं. मोठ्या मशीनवर हवा तितका वेळ देण्याचं समितीनं कबूल केलं, आणि परीक्षकबाईंनी आपणहून म्हटलं, की प्रबंधात आभार मानताना सासूबाईंचा उल्लेख राहता कामा नये.

सासूबाई जिन्यात बातमी सांगायला निघाल्याच होत्या. कणाबाईंनी त्यांना हाताला धरून थांबवलं.

"आई, एक सांगा. त्या दिवशी समिती आली, तर तुम्ही दुप्पट साखर घातलीत. आधी इतके दिवस आपण राब राब राबलो, तेव्हा का नाही घातलीत?"

"तेव्हा कशाला घालीन?" सासूबाईंनी आश्चर्यानं विचारलं. "तेव्हा कोणी पाहुणे होते का? आपण घरचीच माणसं तर होतो!"

कणाबाईंना आधी विज्ञानाचा उलगडा झाला, मग हळूहळू संसाराचा. म्हणजे लग्न होऊन आल्यापासून आजवर आपण जो चहा पीत आलो…

"म्हणजे आई, इतकी वर्षं मला निम्म्या साखरेचा?"

"घरच्यांना कोणी एवढी घालतं का गं?" असं म्हणून सासूबाई गेल्या जिना उतरून. खालच्या मजल्यावरून त्यांचा आवाज आला. "कण झाले हो, कण! दिसत नाहीत, पण झाले! चोथा नको आता, साखर असली तर द्या!" शेजारच्या काकूंचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि काकूंचा सुस्काराही. आधी चोथा, आता साखर! काय ही अवस्था!

दुसऱ्या दिवशी सकाळी कणाबाईंच्या पुढ्यात बशीसकट कप आला. बशी पाहुण्यांची. कणाबाईंनी घोट घेतला आणि त्यांचे दातच शिवशिवले. पाकच तो! चमचा उभा राहील इतका गोड. पण मान तो मान! कणाबाईंनी पाठ ताठ केली आणि शेवटचा थेंब संपेपर्यंत कप खाली ठेवला नाही. सासूबाई समोर बसून डोळे भरून बघत होत्या.

नवरोबांनी आपला कप तोंडाला लावला, थांबले, आणि पुन्हा एकदा चाखून पाहिला.

"आई, माझ्यात साखर कमी पडलीय."

"कमी नाही, बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या. "तू काय शोध लावलास?"